रंगीत जेल आयलायनर : अंजन की वर्त्मलेप?

नेत्ररोगाच्या रुग्णेस "काजळ घालता का?" असा प्रश्न विचारला जातो व "नाही" हे उत्तर मिळताच चौकशी बहुधा तेथेच थांबते. हे उत्तर खरे असते, परंतु अपुरे असते. तरुण रुग्णांच्या लेखी काजळ ही एक वस्तू आणि लायनर ही दुसरी. निळे, हिरवे वा जांभळे जेल लायनर रोज लावणारी मुलगीही काजळाला प्रामाणिकपणे नकार देते. म्हणून प्रश्न असा विचारावा : पापणीच्या कडेला काय लावता, केसांच्या आतल्या बाजूस लावता की बाहेरच्या, आणि रात्री ते कशाने काढता?

प्रथम द्रव्यस्वरूप पाहू. लहान डबीत मिळणारे हे जेल बहुधा जलप्रधान नसते. आयसोडोडेकेन किंवा चटकन उडून जाणारे सिलिकोन यांत मेण, पटल धरणारे राळेसारखे द्रव्य व रंगकण घोटलेले असतात. लावल्यानंतर द्रवांश उडतो आणि लवचिक पटल उरते. काळा, तपकिरी व तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचे, हिरवा बहुधा क्रोमियम ऑक्साइडचा आणि निळा अनेकदा अल्ट्रामरीनचा असतो. चमक येते ती अभ्रकजातीय पत्र्यांवर दिलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरामुळे. अल्ट्रामरीन पूर्वी लाजवर्दापासून काढीत. हाच खडा रसग्रंथांतील राजावर्त म्हणून ओळखला जातो. अर्थात नाव ओळखीचे निघाले म्हणून द्रव्य चक्षुष्य ठरत नाही.

अंजनाशी याची तुलना केली तर कर्मातला विरोध स्पष्ट होतो. चरकाचार्यांनी दिनचर्येत सौवीरांजन नित्य सांगितले आणि रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी, तेही स्रावणार्थ. नेत्र तेजोमय असल्याने त्यास श्लेष्म्याचे भय, म्हणून स्राव घडवणे हा तेथे हेतू आहे. जेल लायनरचा गुण मात्र असा की अश्रूंनी ते हलू नये. अतएव ते अंजन नव्हे. वर्त्माच्या बाह्य त्वचेवरील तो केवळ शोभेचा लेप होय. हा भेद रुग्णेच्या ध्यानी आला की पुढील बहुतेक पथ्य तिला आपोआप कळते.

पक्ष्ममूल व नेत्रगोल यांमधील ओलसर कडेवर स्नेहस्राव करणाऱ्या ग्रंथींची मुखे ओळीने असतात. तेथेच रेघ ओढण्याची आज आवड आहे. मेणयुक्त पटलाने ही मुखे झाकली जातात, अश्रूंवरील स्नेहाचा थर बिघडतो आणि रूक्षता, खुपणे, कंडू ही लक्षणे दिसू लागतात. पेन्सिल लायनरवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केसांच्या आत लावलेले लायनर बाहेर लावलेल्यापेक्षा लवकर व अधिक प्रमाणात अश्रूंत उतरते असे आढळले.

माझ्याकडे आलेल्या एका २४ वर्षांच्या रुग्णेस अंजननामिका पुनःपुन्हा होत असे. दाह, तोद, ताम्रवर्ण मृदु पिडका, सर्व लक्षणे ग्रंथोक्त. पक्ष्ममूल ओल्या कापसाने पुसताच कापसावर निळी रेघ उमटली. लायनर मात्र तिने आदल्या दिवशी लावले होते. रंगीत लायनरचा वैद्यास एवढा उपयोग खरा, काळे असते तर ते कापसावर मळ म्हणून खपून गेले असते. आतली रेघ बंद व रात्रीची स्वच्छता सुरू केल्यावरच औषधाला यश आले.

ज्यांना लावायचेच आहे त्यांना नुसता निषेध सांगून उपयोग होत नाही. पक्ष्ममूलाच्या बाहेर पातळ रेघ ओढावी आणि ती सुकेपर्यंत दृष्टी खाली ठेवावी. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी बसवावी व नंतर लायनर लावावे. काढताना लेन्स आधी काढावी. अभिष्यंद, अंजननामिका वा वर्त्मशोथ असताना लायनर पूर्ण वर्ज्य, आणि त्या काळात वापरलेली डबी पुन्हा वापरू नये. हे पटल पाण्याने निघत नाही, घासल्याने त्वचा मात्र सोलवटते. शुद्ध तिळतेल किंवा खोबरेल कापसावर घेऊन मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरावे, मग हलकेच खाली पुसावे. तेल डोळ्यात जाऊ देऊ नये. त्यानंतर साध्या पाण्याने तोंड धुवावे. घरी केलेल्या, नीट न गाळलेल्या त्रिफळा क्वाथाने डोळे धुण्याची सवय असल्यास तीही थांबवावी, त्यातील कण रंगकणांइतकेच खुपतात.

ब्रश सौम्य साबणाने धुऊन आडवा ठेवून वाळवावा व बहिणीबहिणींतही वाटून घेऊ नये. झाकण सैल राहिले की द्रवांश उडून जेल कोरडे पडते. अशा वेळी त्यात पाणी, तेल वा थुंकी मिसळण्याची खोड आढळते. पाण्याने व थुंकीने जंतूंना वाट मिळते, तेलाने पटल धरत नाही. कोरडी डबी टाकून द्यावी.

औषधी दुकानदारांनी अधिक सावध राहावे. 'वनस्पतिजन्य' म्हणून येणाऱ्या रंगीत लायनरवर घटकांची यादी, उत्पादक, परवाना क्रमांक व मुदत नसेल तर ते ठेवू नये. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये रंगासाठी शिसे वा सोमल यांची संयुगे वापरण्यास बंदी आहे. सुरमा या नावाने पुष्कळदा शिशाचे सल्फाइडच विकले जाते, हेही विसरू नये. गिऱ्हाइकांनी रंग पाहण्यासाठी उघडी ठेवलेली डबी डोळ्यास लावू न देता मनगटावर लावून दाखवावी. डबीवरील उघड्या झाकणाच्या चिन्हात जितके महिने लिहिलेले असतील तितकेच ती वापरायची असते, म्हणून विकतानाच गिऱ्हाइकास सांगावे, की उघडल्याची तारीख डबीच्या तळाशी लिहून ठेवा.