हापूसची थेट विक्री : जाहिरातीमागचे पान कसे असावे?



हापूसचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. फळ झाडावरून उतरले की ते थांबत नाही. म्हणूनच कोकणातील बरेच बागायतदार आता फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गुगलवर जाहिरात देऊन मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट पेटी विकतात. परंतु जाहिरातीवर पैसा खर्च होतो, लोक पाहून जातात आणि मागणी मात्र येत नाही, अशी अडचण अनेकांना येते. पुष्कळदा दोष जाहिरातीत नसतो, तर तिच्यामागच्या पानात असतो. जाहिरातीवर बोट ठेवताच जे पान उघडते, त्याला लँडिंग पेज म्हणतात. ते कसे असावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आधी हिशोब पाहा

समजा, जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च केले आणि पानावर येणाऱ्या प्रत्येक माणसामागे ६ रुपये पडले, तर ५०० माणसे येतील. त्यांपैकी ५ जणांनी एकेक पेटी घेतली, तर पेटीमागे जाहिरातीचा खर्च ६०० रुपये झाला. २० जणांनी घेतली, तर तोच खर्च १५० रुपयांवर येतो. इतर सर्व खर्च वजा जाता पेटीमागे ३०० रुपये उरत असतील, तर पहिल्या बाबतीत एकूण १,५०० रुपये तोटा आणि दुसऱ्या बाबतीत ३,००० रुपये नफा होईल. जाहिरात तीच, आंबा तोच, फरक फक्त पानाचा. म्हणून जाहिरातीचा खर्च वाढविण्यापूर्वी पान सुधारावे.

पानावर काय असावे?

१) जाहिरात आणि पान यांचा मेळ : जाहिरातीत ‘दोन डझन हापूस, पुण्यात घरपोच’ असे म्हटले असेल, तर पानाच्या माथ्यावर तेच वाक्य व तोच भाव असावा. आंबा शोधत आलेल्या ग्राहकापुढे काजू, कोकम, लोणची यांची यादी मांडू नये. एका जाहिरातीसाठी एकच पान व एकच काम ठेवावे.

२) भाव व वजन : पेटीत किती फळे, प्रत्येक फळाचे साधारण वजन किती, भाव किती आणि वाहतूक खर्च त्यात धरला आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. शेवटी वाढणारी रक्कम पाहून ग्राहक मागे फिरतो. कोणत्या पिन कोडच्या भागात माल पोचतो, तेही सुरुवातीलाच सांगावे.

३) विश्वास बसेल असा पुरावा : हापूसच्या नावाखाली इतर भागांतील आंबाही विकला जातो, हे ग्राहकाला ठाऊक असते. त्यामुळे आपल्या बागेचे, काढणीचे व पेटी भरतानाचे खरे फोटो द्यावेत. गाव व तालुका लिहावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तरच मानांकनाचा उल्लेख करावा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. आपण अढीत गवतावर पिकवीत असाल, तर तसे आवर्जून सांगावे.

४) फळाची खरी अवस्था : फळ चौदा आणे तयार असताना काढलेले असेल, तर ते पोचल्यावर किती दिवसांत पिकेल व घरी कसे ठेवावे, हे दोन ओळींत लिहावे. ही माहिती नसल्यास ‘कच्चा आंबा आला’ अशी तक्रार येते.

५) साक्याची जबाबदारी : साका फळ बाहेरून ओळखता येत नाही, हे आपण जाणतोच. खराब फळाचा फोटो किती दिवसांत पाठवावा आणि त्याबद्दल फळ बदलून मिळेल की पैसे, हे लिहावे. पाळता येईल तेवढेच वचन द्यावे.

६) मागणी नोंदविण्याची सोय : नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, पिन कोड आणि पेट्यांची संख्या एवढीच माहिती विचारावी. ‘पेटी मागवा’ असे ठळक बटण वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी द्यावे. पैसे भरण्यासाठी यूपीआयची सोय ठेवावी.

७) पान हलके ठेवावे : बहुतेक ग्राहक पान मोबाइलवर पाहतात. मोबाइलने काढलेले फोटो अनेक मेगाबाइटचे असतात. ते तसेच टाकल्यास पान उघडण्यास वेळ लागतो आणि ग्राहक निघून जातो. फोटो लहान करून मोजकेच टाकावेत.

पानाची चाचणी

खताची मात्रा ठरविताना आपण दोन वाफे घेतो. बाकी सर्व सारखे ठेवून एकच गोष्ट बदलतो. इथेही तसेच करावे. दोन पाने तयार करून त्यांत फक्त मथळा किंवा फक्त मुख्य फोटो वेगळा ठेवावा. दोन्हींवर एकाच काळात सारखाच खर्च करावा आणि दर शंभर माणसांमागे किती मागण्या आल्या, ते वहीत लिहावे. एकदम चार गोष्टी बदलल्यास गुण कशाचा, हे कळत नाही. तसेच तीन आणि पाच मागण्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. आकडे पुरेसे जमू द्यावेत.

विशेष काळजी

रोज जेवढी फळे काढून भरता येतील, तेवढ्याच मागण्या स्वीकाराव्यात. अवकाळी पावसाने काढणी लांबल्यास पानावर त्याच दिवशी तशी सूचना द्यावी. माल संपताच जाहिरात बंद करावी, अन्यथा पैसे खर्च होत राहतात. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक इतर कोणास देऊ नयेत.

हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी पान तयार करावे आणि घरातील एखाद्याला साध्या मोबाइलवरून स्वतः मागणी नोंदवून पाहण्यास सांगावे. तो जिथे अडखळेल, तिथेच ग्राहकही अडखळणार. तेवढी दुरुस्ती करूनच जाहिरातीला हात घालावा. पानावर जे लिहिले, तेच पेटीत निघाले, तर तोच ग्राहक पुढील हंगामात जाहिरातीशिवाय पुन्हा मागणी करील.