हृदयाची लय, मज्जासंस्था आणि ॲक्युपंक्चर

हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस पुष्कळदा विचारतात, 'सुया टोचून नाडी ताळ्यावर येईल का? आणि आली, तर गोळ्या बंद करता येतील का?' या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात लय निर्माण करणारा पेशींचा लहानसा पुंजका असतो. त्याच्यावर कोणाचेही नियंत्रण नसते, तर तरुण वयात तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देता. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी बहुधा ६० ते ८० असते, कारण व्हेगस मज्जातंतू तिचा लगाम सतत धरून असतो. भय, वेदना वा श्रम यांच्या वेळी अनुकंपी मज्जासंस्था तिला टाच मारते.

ॲक्युपंक्चरमध्ये हृदयविकारासाठी योजला जाणारा 'नेइगुआन' हा बिंदू मनगटाच्या आतील घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये असतो. त्याच्या खालूनच हाताचा एक प्रमुख मज्जातंतू जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. जॉन लाँगहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत या जागी सुईद्वारे मंद विद्युत्प्रवाह दिला असता मेंदूत एंडॉर्फिन वर्गातील द्रव्ये कार्यरत झाली आणि लंबमज्जेतून हृदयाकडे व रक्तवाहिन्यांकडे जाणारे अनुकंपी संदेश मंदावले. 'ची' नामक ऊर्जेची प्राचीन चिनी कल्पना कोणी मानो वा न मानो, हा मार्ग मज्जातंतूंचा आहे.

माणसांवरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, विजेच्या झटक्याने 'एट्रियल फिब्रिलेशन' थांबविलेल्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. अमिओडॅरोन घेणाऱ्यांपैकी २७ टक्के, ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के, तर चुकीच्या जागी सुया टोचलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांत विकार उलटला. आकडे आशादायक खरे. परंतु योग्य बिंदूंवर उपचार झालेले रुग्ण अवघे १७ होते. एवढ्यावरून आम्ही कोणाचे औषध बदलणार नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे ही विद्या शिकून भारतात आणली. तिच्याविषयी आम्हांस आदर आहे, म्हणूनच तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगणे भाग आहे.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. सुयांनी धडधड कमी वाटली, तरी हा धोका टळला असे होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केल्यास पक्षाघात होऊ शकतो. ज्यांना ॲक्युपंक्चर घ्यावयाचे असेल, त्यांनी आधी ईसीजी काढून निदान करून घ्यावे व औषधे चालू ठेवावीत. अशी गोळी चालू असल्यास सुई टोचणाऱ्यास तसे आधी सांगावे. पेसमेकर बसविलेल्या रुग्णाने सुयांतून विद्युत्प्रवाह देण्याचा उपचार हृदयरोगतज्ज्ञास विचारल्यावाचून घेऊ नये. छातीत कळ, भोवळ किंवा दम लागणे ही लक्षणे असतील, तर प्रथम रुग्णालय गाठावे.