कुंपणाच्या आतली कादंबरी

सोलापूर

चि. राणी,

जॅकलीन हार्पमन या बेल्जियन लेखिकेची 1995 सालची फ्रेंच कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचलीस. तळघरातल्या पिंजऱ्यात चाळीस जणी, भोवती चाबूकवाले पहारेकरी, आणि कैदेचं कारण कुणीच सांगत नाही. 'असं कुठे घडतं का गं, मावशी?' असं तू विचारलंस.

घडलंय, आणि आपल्याच गावात. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशी कुटुंबं तारेच्या कुंपणात कोंडली. रोज हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. बाईचा गुन्हा एवढाच, की ती त्या घरात जन्मली. गिरणीत राबून ती पुन्हा तारेआडच यायची, आणि तिचं मूलही जन्मतःच गुन्हेगार. असे कायदे 1952 साली देशभर रद्द झाले.

म्हणून अनुवाद वाचताना परक्या मुलखाचं दुःख समजून नुसती हळहळू नकोस. कादंबरीत भोंगा वाजतो, पहारेकरी पळतात, बायका बाहेर येतात. पण दार उघडलं म्हणजे सुटका झाली, असं मानू नकोस. तार निघाल्यावरही, अशाच गुन्हेगार ठरवलेल्या कंजारभाट समाजात जातपंचायतीच्या धाकाखाली नव्या नवरीची कौमार्य चाचणी होत राहिली. या चाचणीविरुद्ध त्याच समाजातली तरुण मुलंमुली उभी राहिली, बहिष्काराची भीती असूनही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 चा कायदा केला, पण पंचांपुढे 'नाही' म्हणायचं धाडस त्या पोरींनाच करावं लागलं.

त्या कादंबरीतली मुलगी आठव. घड्याळ नाही, तर छातीचे ठोके मोजून ती वेळेचा हिशेब लावते. मोठ्या बायकांकडून मिळेल ते शिकते आणि शेवटी आपली हकीकत आपल्या हातानं लिहिते. मला तिची खरी सुटका तिथं दिसते.

अशाच जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन तू वाचलंयस. आता अशा वस्त्यांतल्या बायकांचं ऐक. सुट्टीत ये, सेटलमेंटमधल्या म्हाताऱ्या आजींकडे जाऊ. कीव घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. त्या बोलतील तेव्हा मधे तोंड घालू नकोस. त्यांचं लिहिलंस तर ते आधी त्यांना वाचून दाखव आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय एक ओळही छापू नकोस. त्यांच्या आयुष्याबद्दल आजवर सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं. निदान तुझ्या वहीत तरी तसं होऊ नये.

तुझी,
मावशी