आधी बाबांशी बोल, मग फॉर्म भर

सीईटीचा निकाल लागला, पर्सेंटाइल हातात आलं आणि घरातला प्रत्येक जण समुपदेशक झाला, हो ना गं? काका म्हणतात कॉम्प्युटरच घे. मामा म्हणतो ब्रँच गेली खड्ड्यात, कॉलेजचं नाव बघ. शेजारच्या काकू मुलाचं पॅकेज सांगून गेल्या. आई काळजीने गप्प आहे आणि बाबा बँकेचं पासबुक काढतात, बघतात, परत ठेवतात. तुझ्या मनात मात्र एकच नाव आहे, पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज सीओईपी. बस जरा माझ्याजवळ, पाणी पी. खरं सांगू का, हे सगळं अवघड नाहीये, नुसतं किचकट आहे. आणि किचकट कामं तुला जमतात. बारावीची इंटिग्रेशनची गणितं तूच सोडवलीस ना?

पहिली गोष्ट, त्या स्वप्नाचा संकोच वाटू देऊ नकोस. १८५४ पासूनचं कॉलेज, २०२२ पासून तर स्वतःचंच विद्यापीठ, नदीकाठचा तो बोट क्लब, मुलं वर्षभर जिची तयारी करतात ती रेगाटा. तिथे जावंसं वाटणारच. मनासारखं कॉलेज मिळालं की मुलगी अभ्यासालाही वेगळ्याच हुरूपाने बसते. त्यामुळे स्वप्न गुंडाळून ठेव, असं मी अजिबात सांगणार नाही. माझा हट्ट एकाच गोष्टीचा आहे. घरातलं पैशाचं बोलणं पसंतीक्रमाचा फॉर्म भरायच्या आधी व्हायला हवं. पाहुणे पानावर बसल्यावर आपण तांदूळ निवडायला घेत नाही ना? तसंच आहे हे.

का, ते नीट ऐक. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फॉर्ममध्ये पसंतीक्रम लिहिणं म्हणजे नुसती इच्छा कळवणं नव्हे. २०२५ च्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं, तरी तोच नियम. ती जागा सोडली की पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाची माहिती पुस्तिका आधी वाचून काढ. पण गाभा ध्यानात ठेव. वर लिहिलेलं कॉलेज मिळालं आणि तेव्हा घरात कळलं की ते झेपणार नाही, तर हातची जागाही जाते आणि पुढची संधीही. म्हणून फॉर्ममध्ये तेच लिहायचं, जे मिळालं तर तू खरंच घेशील.

आता शक्यता किती, ते बघू. पर्सेंटाइलच्या आकड्यावर फार विसंबू नकोस गं. लाखभर मुलं परीक्षेला बसली असतील, तर एका पर्सेंटाइलमध्ये हजार मुलं मावतात. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव शेजारी दिसतात, पण मधे केवढी रांग उभी असते बघ! म्हणून तुझा मेरिट नंबर हाताशी घेऊन बस. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कट-ऑफच्या याद्या मिळतात, त्यात पर्सेंटाइल आणि मेरिट नंबर दोन्ही असतात. एका वर्षाची यादी पाहून उड्या मारू नकोस, की रडूही नकोस. दोन-तीन वर्षांच्या बघ आणि प्रत्येक फेरीची वेगळी बघ.

त्या यादीतले कोड पाहून घाबरायला होतं, माहितीये मला. सोपं आहे. 'जीओपन' म्हणजे खुला सर्वसाधारण, 'एलओपन' म्हणजे खुल्यातल्या मुलींच्या राखीव जागा. शेवटचं अक्षर 'एच' असेल तर आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, 'ओ' असेल तर बाहेरच्यांसाठी, 'एस' असेल तर राज्यपातळीवर. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, म्हणून 'एल'ची ओळ बघायला विसरू नकोस. मुली नेमकी तीच ओळ सोडून 'जी'वर नजर लावतात आणि उगाच खट्टू होतात. तू ज्या प्रवर्गात बसतेस, त्याचीही ओळ तपास.

यादी पाहून झाली की तीन गट कर. एक, जिथे तुझा नंबर मागच्या कट-ऑफच्या थोडा बाहेर आहे. दोन, जिथे तो काठावर आहे. तीन, जिथे तो आरामात आत बसतो. सीओईपीचं कॉम्प्युटर नव्व्याण्णवच्याही पुढे, दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवर ठरतं. पण त्याच कॉलेजात इतर ब्रँचेसही आहेत. मेटलर्जी किंवा मॅन्युफॅक्चरिंग तुला मनापासून आवडेल का, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचार. 'आत शिरले की ब्रँच बदलीन' या भरवशावर मात्र राहू नकोस. त्या जागा मोजक्याच असतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरतात.

एक गोष्ट मनातून काढून टाक बघ. अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातली शक्यता कमी होत नाही. नंबर लागला नाही, तर यंत्रणा तुझी पुढची पसंती बघते. म्हणून पैशाचं गणित बसत असेल, तर स्वप्न बिनधास्त पहिल्या क्रमांकावर लिही. फक्त यादी तिथेच संपवू नकोस. तिसऱ्या गटातली कॉलेजं पुरेशी हवीतच.

आता पैसा. एक वही घे आणि प्रत्येक कॉलेजला एक पान दे. त्यावर फक्त पहिल्या वर्षाची फी लिहू नकोस, चार वर्षांचा पूर्ण खर्च मांड. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, मग खोली, मेस, बसचा पास, लॅपटॉप आणि दिवाळीला घरी यायचं भाडं. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे कोणी तोंडी आकडा सांगितला तर तो तिथे पडताळून बघ. पावती न देता वर काही मागितलं, तर सरळ उठून ये. कॅपिटेशन फी घ्यायला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्यानेच बंदी आहे.

राहण्याचा खर्च लोक हातचा धरायला विसरतात गं. समज, पुण्यात राहायला-जेवायला महिन्याला १२,००० रुपये लागले. वर्षाचे दहा महिने धरले तरी चार वर्षांत ४,८०,००० झाले. म्हणजे फी कमी असलेलं लांबचं कॉलेज आणि फी जास्त असलेलं घराजवळचं कॉलेज, यांत खरं स्वस्त कोणतं, हे बेरीज केल्याशिवाय कळत नाही. सांगलीचं वालचंद, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं, नांदेडचं गुरू गोबिंदसिंगजी, यांतलं जे तुझ्या गावाजवळ असेल त्याचंही पान तुझ्या वहीत हवं.

बेरीज झाली की वजाबाकीला लाग. ही मुलींच्या फायद्याची आहे, नीट ऐक. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरच्या जागांना, तसंच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणून 'मॅनेजमेंटमधून सहज मिळतंय' असं कोणी म्हणालं, तर आधी विचार कर, फीमाफी सोडून द्यायला आपण तयार आहोत का? अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. या सगळ्यांचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा एकत्र चालत नाहीत, म्हणून तुला कोणती जास्त फायद्याची, ते आधी ताडून बघ.

टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागाही असतात, मंजूर जागांच्या पाच टक्के. साठ मुलांच्या वर्गात फक्त तीन! शिक्षण शुल्क माफ असतं, म्हणून तिथला कट-ऑफ बहुतेक वेळा नेहमीच्या जागेहून वर जातो. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. त्याच कॉलेजची साधी जागा परवडणार असेल, तरच दोन्ही कोड लिही.

आणि हे सगळं कागदांवर अडतं बघ. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, लागू असेल तर जात वैधता. तहसील कार्यालयात जून-जुलैत केवढी गर्दी असते! बाबांना उद्याच पाठव. किंवा तूच जा त्यांच्याबरोबर, कळेल तरी दाखला कसा निघतो ते.

वजाबाकीनंतर उरेल तो आकडा बचतीत बसला तर छान. नाही बसला तर कर्जाचा विचार कर. त्यात कमीपणा काही नाही, पण हप्ता आधी काढ. दरवर्षी अडीच लाख असं चार वर्षांत १० लाख कर्ज घेतलं, व्याज १० टक्के धरलं आणि शिक्षण अधिक एक वर्ष काही भरलं नाही, तर सरळव्याजानेच साडेतीन लाख वर चढतात. मग साडेतेरा लाख सात वर्षांत फेडायचे, म्हणजे महिन्याला सुमारे २२,४०० रुपये. पहिल्या पगारातून हे गेल्यावर खोलीचं भाडं आणि जेवण भागेल का? कर्ज पाचच लाख असेल, तर याच हिशेबाने हप्ता निम्मा होतो. शिकता शिकता नुसतं व्याज भरत गेलं, तरी बोजा बराच हलका होतो. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत तुझं कॉलेज आहे का, तेही बघ. तिथे तारण आणि जामीनदार लागत नाहीत, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत मिळते. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ मात्र तेव्हा चालत नाही.

आता सगळ्यात कठीण काम, बाबांशी बोलणं. आपल्याकडे मुलींना वाटतं, पैशाचं विचारलं तर बाबांना वाईट वाटेल. आणि बाबांना वाटतं, नाही म्हटलं तर पोरीचं मन मोडेल. दोघंही गप्प राहतात आणि फॉर्मची शेवटची तारीख येते. तू वही घेऊन जा आणि सरळ विचार, "बाबा, वर्षाला किती झेपेल? दादाच्या किंवा धाकटीच्या शिक्षणाचं काय ठरलंय? आजीच्या औषधांचं बाजूला काढून सांगा." शेत किंवा आईचे दागिने मोडायचं निघालं, तर तू ठाम नाही म्हण. चार वर्षांच्या डिग्रीसाठी घराचा आधार विकायचा नसतो. त्यांनी आकडा सांगितला की तो मान. रुसायचं नाही हं! त्या आकड्यात जी कॉलेजं बसतात, ती तुझी खरी यादी. त्यात सीओईपी असेल तर सर्वांत वर, आणि नसेल तर वहीतलं पुढचं पान.

आणि समजा नाहीच झालं, तर? खरं सांगू का, नोकरी देणारे कॉलेजचं नाव बघतात, हे खोटं नाही. मोठ्या कॉलेजात कंपन्या जास्त येतात, सोबतची मुलं हुशार असतात, हेही खरं. पण चार वर्षांत तू काय बनवलंस, कोणती इंटर्नशिप केलीस, गेटमध्ये किती गुण आणलेस, हे तुझ्या हातात राहतं, आणि ते सगळं नांदेडमध्ये बसूनही करता येतं. गेट चांगली गेली, तर एमटेकसाठी आयआयटीचं दारही उघडतं. प्रवेश घेऊन मन बदललं, तरी ठरलेल्या तारखेआधी रद्द केल्यास एआयसीटीईच्या नियमानुसार जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते, आणि मूळ कागदपत्रंही अडवून ठेवता येत नाहीत. एका फॉर्मने जन्माचा निकाल लागत नाही गं.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की वही काढ. बाबांना समोर बसव, आईलाही बोलाव, कारण घराचा खरा हिशेब तिलाच ठाऊक असतो. त्यांनी सांगितलेला आकडा पहिल्या पानावर लिही आणि मग कट-ऑफची यादी उघड. कुठे अडलीस तर मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. पण फॉर्म तूच भरायचास. तुला येतं ते.