नित्य योगाभ्यास आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

प्राणायामानें शरीरास प्राणवायु अधिक मिळतो व त्यामुळें बुद्धि तल्लख होते, असें आपण घरोघरीं ऐकतों. हें खरें काय, असा प्रश्न ज्यांनीं आपल्याकडे आरंभीं यंत्रांस विचारला, त्यांची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखालीं त्यांनीं शरीर कमावलें आणि नर्मदातीरीं मालसर येथें माधवदासजी महाराजांपासून योगविद्या घेतली. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. उल्हासनगराहून कर्जतची गाडी धरावी, पुढें बोरघाट चढावा, कीं तें गांव येतें.

नौलि करणारा योगी आंतड्यांत पाणी वर खेंचून घेतो, हा लोकांस चमत्कार वाटे. स्वामीजींनीं पाऱ्याचें दाबमापक लावून पाहिलें, तों पोटाचे स्नायु पुढें काढतांच आंतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो असें आढळलें. पाणी चढतें तें याच कारणानें; हातपंपाचा नियमही हाच.

प्राणायामाविषयींचा निष्कर्ष तर श्रद्धाळूंस न रुचणारा निघाला. त्यानें प्राणवायु विशेष अधिक घेतला जात नाहीं; त्याचें महत्त्व शरीरांतील दाब व मज्जासंस्था यांवरील परिणामांत आहे, असें त्यांचें मत झालें. आपल्या आवडत्या विद्येविषयींची लोकप्रिय समजूत खोडून काढण्यास धैर्य लागतें. आम्हांस तें कोणत्याही आसनसिद्धीहून मोठें वाटतें.

मज्जासंस्थेवरील परिणामाचा थोडा पडताळा कॅम्प दोनमधील आपल्या घरींही घेतां येईल. मनगटावर नाडी धरून संथ श्वास घ्यावा व त्याहूनही संथ सोडावा. श्वास सोडतांना ठोके किंचित् मंदावतात, कारण मेंदूकडून येणारी एक मज्जा त्या वेळीं हृदयास लगाम घालते. परीक्षेच्या सकाळीं छाती धडधडूं लागली असतां याचा उपयोग होतो. (न वाचलेला धडा मात्र त्यानें आठवत नाहीं!) हा पालट क्षणाचा; परंतु अभ्यास नित्य ठेविल्यास कांहीं आठवड्यांनीं वाढलेला रक्तदाब थोडा उतरतो आणि सांधे व स्नायु लवचिक होतात, असें पुढील काळांतील पुष्कळ परीक्षणांत दिसून आलें आहे.

पालकांनीं मुलांस श्वास कोंडण्याच्या चढाओढी करूं देऊं नयेत. घरांतील वडील मंडळींपैकीं कोणास रक्तदाब किंवा कांचबिंदु असल्यास त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून सर्वांगासन करूं नये, आणि चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.