तीन वह्या, एकच गाव

जून लागला होता. गडचिरोली जिल्ह्यात कोरचीकडच्या एका गावातल्या चार बाया तेंदूपत्त्याची कार्डं पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या. कार्डांवर पेन्सिलीने लिहिलेले पुड्यांचे आकडे ओलीने पुसट झाले होते. ठेकेदाराने पहिला हप्ता दिला आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. मी म्हणाले, “तेंदूचं काम माझ्याकडे नाही, मी बचत गटांचं पाहते.” त्यांतली थोरली म्हणाली, “ताई, तुमी तिघंबी आमच्याच गावात येता. एकमेकाले भेटत नाई का?”

खरंच भेटत नव्हतो. त्या गावात तेव्हा तीन प्रकल्प चालू होते. माझा बचत गटांचा, दुसरा वनहक्काचा, तिसरा तरुणांच्या प्रशिक्षणाचा. तिघांच्या वह्यांत त्याच घरांची नावं होती, पण एकाची वही दुसऱ्याने कधी उघडली नव्हती.

त्याची किंमत गावाने मोजली. माझ्या गटांतल्या बाया फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. वनहक्कवाल्यांनी तेंदूच्या सौद्याची ग्रामसभा नेमकी त्याच दिवसांत घेतली. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन पानं तोडणाऱ्या, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या बायाच सौद्याला नव्हत्या. अनामत न घेता करार झाला. शेजारच्या गावाला त्याच ठेकेदाराने जास्त भाव दिला होता, तेही हंगाम संपल्यावर कळलं. फळीवर, म्हणजे पुडे जमा करायच्या जागी, मोजताना शेकड्यामागे चार पुडे खराब म्हणून फुकट घेतले गेले, कारण गावाच्या बाजूने हिशेब लिहिणारं कोणी नव्हतं. आणि त्याच वर्षी तिसऱ्या प्रकल्पाने गावातली बारावी झालेली पोरं चौकीदारीचं प्रशिक्षण देऊन पुण्याला पाठवली होती.

वनहक्क कायदा २००६ चा, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारे राज्याचे पेसा नियम २०१४ चे. त्यांमुळे तेंदू आणि बांबू विकण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. पण व्यापारी दहा गावांचा भाव जाणून बसतो आणि गावाला फक्त स्वतःचाच भाव ठाऊक असतो, तेव्हा हक्क हातात असूनही मजुरी पडते. कोरची तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली ती याच अनुभवातून. एकत्र बसून वनोपजाचे सौदे करायचे आणि त्या बैठकीत बायांनाही जागा द्यायची, हे त्यांनी ठरवलं. गावं जे करू शकली, ते आम्ही तीन प्रकल्प एका गावात करू शकलो नव्हतो.

या भागात नव्याने काम करायला येणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगते.

पहिल्याच महिन्यात गावात आणखी कोण काम करतं ते विचारा आणि त्यांच्यासोबत गावाचं वर्षाचं कामाचं कॅलेंडर एकाच कागदावर मांडा. धानाची रोवणी, मोहफूल, मिरची, तेंदू, रोजगार हमी, सगळं. कोण कधी गावात नसतं ते त्यावर दिसतं. ग्रामसभेची तारीख त्या कागदावरून ठरू द्या.

सौद्याआधी आसपासच्या पाच गावांचे भाव गोळा करा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लिहा. भाव लपला की मजूर हरतो.

करार लेखी हवा. अनामत आधी, पानं नंतर. हप्त्यांच्या तारखा करारात हव्यात आणि मजुरी पानं तोडणारीच्याच खात्यात जायला हवी, घरच्या पुरुषाच्या नाही.

प्रशिक्षण कशाचं द्यायचं ते गावाच्या गरजेवरून ठरवा. फळीवर पुडे मोजून नोंद ठेवणारी एक शिकलेली मुलगी अख्ख्या गावाची मजुरी वाचवते. तिला त्या कामाचा मेहनताना द्या.

आणि केवळ समन्वयाच्या बैठका घेऊन समाधान मानू नका. मेंढा-लेखात अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो आणि निर्णय मात्र ग्रामसभा एकमताने घेते. प्रकल्पांनीही तसंच करावं. माहिती एकत्र आणणं आपलं काम, ठरवणं गावाचं.

त्या चार बायांचे सगळे पैसे कधीच वसूल झाले नाहीत. पुढच्या हंगामात मात्र आम्ही तिघांनी मिळून एकच रजिस्टर केलं. गटातल्या एका बाईची मुलगी ते घेऊन फळीवर बसायची. पहिल्याच संध्याकाळी ठेकेदाराच्या दिवाणजीने चार पुडे बाजूला काढले. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, “हे कोनाच्या नावावर लिहू?” त्याने ते पुडे परत ढिगात ठेवले.