'गप्प बस' म्हणण्याआधी



३ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ. दिवेलागण झाली होती, मी कुकर लावत होते. तेव्हा अकरावीत असलेली माझी लेक फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पार उतरलेला. म्हणाली, "आई, कोरियात मार्शल लॉ लावला." कोरियन मालिकांच्या नादानं तिनं त्यांची लिपी शिकून घेतली आहे. तिथल्या बातम्या तिला आपल्याआधी कळतात. मी मात्र नेहमीचं वाक्य टाकलं, "तिकडच्या भानगडी तिकडे. तू आधी केमिस्ट्री संपव."

ती आत निघून गेली. केमिस्ट्री काही उघडली नाही. आमची जेवणं उरकेपर्यंत सोलमध्ये रात्रीचा एक वाजून गेला होता. ३०० जणांच्या संसदेतले १९० सदस्य पोलिसांचा वेढा चुकवून, कुणी कुणी तर कुंपणावर चढून, आत पोचले होते आणि हजर असलेल्या एकूण एक सदस्यानं लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. बाहेर कडाक्याच्या थंडीत साधी माणसं सैनिकांच्या वाटेत उभी होती. माझी सोळा वर्षांची मुलगी हे सगळं एकटीच बघत होती. मनात आलेलं विचारायला घरातलं माणूस तिच्यापाशी नव्हतं. ही चूक माझी, आणि म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

पुढे आम्ही दोघींनी मिळून राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांचं त्या रात्रीचं भाषण शोधून वाचलं. देशविघातक शक्ती मुळापासून उखडायच्या आहेत, असं ते सांगत होते. विरोधकांनी अमली पदार्थांविरुद्धच्या कारवाईचे पैसे कापले आणि देशाचं नशेचं नंदनवन करून टाकलं, असाही आरोप त्यात होता. मागोमाग निघालेल्या लष्करी फर्मानानं राजकीय हालचालींवर बंदी घातली आणि सगळी प्रसारमाध्यमं लष्कराच्या ताब्यात दिली. राजकारण, बातम्या आणि नशा. आपण घरात ज्या विषयांवर मुलांना हमखास गप्प करतो, ते तिन्ही त्या एका रात्री एकत्र आले होते.

मला जे वाटतं ते आधीच सांगते. 'देशद्रोही' आणि 'गांजा' हे शब्द कानावर पडले की विचारपूस थांबते. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, आणि त्या भीतीचा फायदा उठवायला कुणीतरी टपलेलंच असतं. त्या रात्री कोरियातली माणसं न घाबरता रस्त्यावर आली, म्हणून लष्करी कायदा सहा तासांत मागे घ्यावा लागला. ४ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमतानं यून यांना पदावरून दूर केलं.

मधल्या काळात लेकीनं मला एक व्हिडिओ दाखवला. तिथल्या निवडणुकीच्या मतमोजणीत घोटाळा झाला होता, म्हणून लष्कर आणावं लागलं, असं त्यात छातीठोकपणे सांगितलं होतं. तिला ते जवळजवळ पटलं होतं. सैनिक त्या रात्री निवडणूक आयोगाच्या कार्यालयात गेले होते, हे खरंच होतं. खऱ्याच्या एका धाग्यावर बाकीचं सगळं विणलेलं होतं. मी या वेळी 'खोटं आहे' म्हणून फोन बाजूला ठेवला नाही. आम्ही कागद घेतला आणि तीन प्रश्न लिहिले. हे कोण सांगतंय? त्याला कुठून कळलं? ज्याच्यावर आरोप आहे, त्याचं म्हणणं कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नापाशी व्हिडिओ संपला. त्यात आयोगाची बाजूच नव्हती. अशाच व्हिडिओंनी तापलेली माणसं १९ जानेवारी २०२५ च्या पहाटे सोलमधल्या एका न्यायालयात घुसली आणि त्यांनी तोडफोड केली. त्यांत तरुण मुलं बरीच होती. कुणाची तरी लेकरंच ती.

मग मोठी वर्तमानपत्रं तरी सरळ असतात का, असं तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता. चोसुन, जूंगआंग आणि दोंगआ ही कोरियातली तीन मोठी दैनिकं उजव्या विचाराची मानली जातात. लोक तिघांची आद्याक्षरं जोडून त्यांना एकाच नावानं हाक मारतात. दुसरीकडे, हुकूमशाहीच्या काळात नोकरी गमावलेल्या पत्रकारांनी हजारो नागरिकांकडून वर्गणी जमवून १९८८ मध्ये 'हानग्योरे' सुरू केलं. त्याचा कल डावीकडे. गंमत पाहा, २०१६ मध्ये उजव्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना ज्या बातमीनं खाली खेचलं, ती जूंगआंगच्याच घरातल्या दूरचित्रवाणी वाहिनीनं दिली होती. म्हणून मी लेकीला सांगितलं, कल प्रत्येकाला असतो. कल असणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. बातमीमागे पुरावा आहे का, ते बघ.

याहून जिव्हारी लागणारी एक गोष्ट आहे. 'पॅरासाइट' चित्रपटातला श्रीमंत घरचा बाप तुम्हाला आठवत असेल. ती भूमिका करणारे ली सन-ग्युन यांच्यावर २०२३ मध्ये अमली पदार्थ घेतल्याचा संशय आला. तपासण्यांमध्ये काही सापडलं नाही. तरी चौकशीतल्या गोष्टी बाहेर फुटत राहिल्या, त्यांचं खासगी बोलणंही बातम्यांत वाजलं. तिसऱ्या वेळची चौकशी एकोणीस तास चालली. २७ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले. दोन मुलांचा बाप. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बाँग जून-हो आणि इतर कलावंतांनी पुढच्याच महिन्यात माहिती फुटली कशी याचा छडा लावा, अशी जाहीर मागणी केली. आपण मुंबईकर, पुणेकरांनी २०२० मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर हेच पाहिलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाहिन्यांवरच्या समांतर खटल्यांबद्दल खडे बोल सुनावले. आपल्या दिवाणखान्यात तेव्हा काय चाललं होतं? पडद्यावरच्या माणसाला आपण मुलांसमोर दोषी ठरवत होतो. संशयाला निकाल समजायचं त्यांनी आपल्याकडूनच तर ऐकलं.

आता गांजाविषयी. कोरियाचा कायदा कडक आहे. साधं ओढण्यालाही पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि कोरियन माणसानं परदेशात, जिथे गांजा कायदेशीर आहे तिथे ओढला, तरी मायदेशी खटला होतो. आपली मुलं शिकायला कॅनडाला, जर्मनीला जातात, म्हणून हेही लक्षात ठेवा की आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदासुद्धा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांना लागू आहे. 'तिथे चालतं' हे उत्तर पुरत नाही.

त्याच कोरियात फेफऱ्यानं तडफडणाऱ्या लेकरांसाठी गांजापासून बनलेलं तेल परदेशातून मागवलं म्हणून आईबापांना चौकशीला सामोरं जावं लागलं. त्यांनी माघार घेतली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये संसदेनं औषधापुरती परवानगी दिली. पूर्व आशियात हे पाऊल उचलणारा कोरिया पहिला. भीतीमुळे लोक त्या शब्दापाशी थांबले होते. आई मात्र विचारत राहिली, की माझ्या मुलाला यानं बरं वाटेल का?

माझं मत स्पष्ट आहे. औषध म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जरूर मिळावं. व्यसनात अडकलेल्याला कोठडीआधी उपचार मिळावेत. पण मौजेसाठी खुली विक्री मला मान्य नाही, कारण मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि कोवळ्या वयातल्या गांजानं काही मुलांचं मानसिक संतुलन ढळतं. ज्या कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, तिथेही अठरा-एकोणीस वर्षांखालच्या मुलाला तो विकता येत नाही. क्युबेक प्रांतात तर एकवीस वर्षं लागतात. थायलंडनं २०२२ मध्ये दार उघडलं आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. खुलेपणाच्या बाजूनं बोलणारे देशही मुलांना दूरच ठेवतात, हे मुलांना सांगा. धमकीपेक्षा हे त्यांना लवकर पटतं.

आणि भीतीचा बाजार कसा भरतो, हेही सांगा. एप्रिल २०२३ मध्ये सोलच्या गंगनम भागात, शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असलेल्या देची-दोंगमध्ये, काही जणांनी मुलांना एक पेय वाटलं. एकाग्रता वाढते म्हणाले. त्यात मेथॅम्फेटामिन होतं. मग आईवडिलांना फोन गेले, की पैसे द्या, नाहीतर तुमचं मूल नशा करतं असं पोलिसांना सांगू. टोळीचं सगळं गणित आईबापांच्या लाजेवर बसवलेलं होतं. पालक पोलिसांकडे गेले, तिथे ते कोसळलं. शिकवणी, मार्कं, एकाग्रता हे आपल्याकडेही घराघरात आहे, तेव्हा यातला धडा तुम्हाला वेगळा सांगायला नको.

म्हणून कळकळीनं सांगते, मूल चुकलंच तर पहिला फोन आपल्याला करेल, एवढी जागा घरात ठेवा. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला आपल्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून हे काम करतं आहे, आणि १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं. हे सगळं आधी आपण माहीत करून घ्यायचं, संकट यायच्या आधी.

२०२४ च्या होळीला लेकीनं विचारलं होतं, "गांजा गुन्हा, मग भांग कशी चालते?" तेव्हा मी 'काहीतरीच विचारू नकोस' म्हणून पुरणात हात घातला. २०२५ च्या होळीला तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी हात धुतले, समोर बसले आणि सांगितलं, की कायद्यानं झाडाच्या शेंड्याला, म्हणजे फुलांना, गांजा म्हटलंय. नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, ती राज्यांच्या नियमांवर सोडली आहेत. पण शरीराला हा फरक कळत नाही, भांगही डोक्यात जातेच.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, शिकवणीच्या बाहेर एक मुलगा रोज काहीतरी ओढायला देतो. माझी मैत्रीण दोनदा गेली. कुणाला सांगू कळत नव्हतं."

पुरणाचा गॅस मी बंद केला. आम्ही दोघी तिच्या मैत्रिणीच्या आईकडे निघालो.